पर्यावरणाच्या तासाला प्रत्यक्ष काय करायचं? (मुंबई, सहावी ते आठवी)

फळाखडू | २८ मे, रात्री १०:१२

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. सहावी ते आठवीच्या हरित सेनेचं काम या वर्षी माझ्याकडे आहे. साहित्याला तोटा नाही. पोस्टर्स, चित्रफिती, पीपीटी आणि गटांवर फिरणाऱ्या पीडीएफ ढिगाने आहेत. पण बहुतेकांत ध्रुवीय अस्वल, वितळणारा बर्फ आणि शेवटी घोषवाक्य. मुंबईच्या मुलांना हाताने करता येईल, मोजता येईल, वहीत उतरवता येईल असं काय आहे?

मर्यादा सांगते. आठवड्याला ३५ मिनिटांचा एक तास, वर्गात ४८ मुलं. मैदान नाही, फरसबंद अंगण आणि कडेला पाच-सहा झाडं. गच्ची आहे, पण कुलूपबंद. वर्षाचे ३००० रुपये. माध्यम मराठी. शाळा दोन अधिवेशनांत भरते.

मोजपट्टी | २८ मे, रात्री ११:०५

पहिली सूचना: ५ जूनला रोपं लावायचा घाट घालू नका. मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून, आणि तेव्हा शाळाही बंद असते. पाच तारखेचं रोप फोटोपुरतं जगतं. त्यापेक्षा शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात पर्जन्यमापक बसवा. मुंबईत चार महिने इतकं नाट्य दुसऱ्या कुठल्याच उपकरणात दिसत नाही, आणि खर्च जवळपास शून्य.

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. अंगावर वळ्या किंवा कंबर असलेली नको, सरळ भिंतीची हवी. खांदा जिथे सुरू होतो तिथे आडवी कापा. वरचा तुकडा बूच काढून उलटा आत बसवा, झालं नरसाळं. दोन्ही काठ एका पातळीत आणून चिकटपट्टी लावा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचा व्यास एकच असल्यामुळे आत १० मिलिमीटर पाणी चढलं की १० मिलिमीटर पाऊस. गुणाकार-भागाकार काही नाही.

गडबड होते ती तळाशी. बाटलीचा बूड सपाट नसतो, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर चुकतात. तळात खडी टाकून बुडाच्या उंचवट्यावर येईपर्यंत भरणी करा, त्यावर शून्याची रेघ. कागदी पट्टी बाहेरून चिकटवून वर रुंद सेलोटेप, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाई वाहून जाते.

मग तपासणी, जी बहुतेक पुस्तिका सांगतच नाहीत. समजा आतला व्यास १० सेंटिमीटर आला. क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे १० मिलिमीटर पावसाला ७८.५ मिलिलिटर पाणी. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने ७८.५ मिलिलिटर मोजून ओता. पाणी शून्यापासून बरोबर १० मिलिमीटर चढलं तर माप खरं. आठवीला वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवायला याहून चांगलं निमित्त नाही.

जागा: भिंतीपासून जितकं लांब जमेल तितकं, पागोळ्या आणि झाडाखाली अजिबात नको. काठ जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर वर, नाहीतर फरशीवरून उडालेले थेंब आत येतात. बाटली वाळूने भरलेल्या बादलीत रोवा. वारा पहिल्याच आठवड्यात आडवी करतो.

वाचन सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस ८:३० ते ८:३० असतो, त्यामुळे खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझ केंद्रांच्या आकड्यांशी तुलना करता येते. तुमच्याकडे सकाळचं अधिवेशन आहे म्हणजे सोय आहेच. रविवारचं वाचन बुडतं. सोमवारी जे येईल ते ‘दोन दिवसांची बेरीज’ म्हणून लिहायचं, दोनने भागायचं नाही. भागलं की न पडलेला पाऊस वहीत पडतो.

गच्चीकर | २९ मे, सकाळी ७:३०

वरच्या कृतीत एक मुंबईछाप भगदाड आहे. खडीच्या भरणीवर शून्यापर्यंत पाणी ठेवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते पाणी तसंच राहिलं तर आठ-दहा दिवसांत त्यात डासांच्या अळ्या. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक पाहणीला आले की नोटीस शाळेला, आणि हरित सेनेचं उपकरण डेंग्यूचा अड्डा म्हणून कचऱ्यात. म्हणून खडीवर पाण्याऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा सिमेंट ओतून सपाट तळ करा. रोज वाचन झालं की पूर्ण पालथी. सुट्टी लागली की आत उचलून ठेवा.

दुसरं, बाटलीचा सरळ भाग जेमतेम १५ ते १८ सेंटिमीटर असतो. खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. शेवटच्या प्रकारात बाटली भरून वाहणार. जोराचा पाऊस असेल तर दुपारच्या अधिवेशनानेही मधे वाचून, रिकामी करून, वेळेसकट लिहायचं आणि नंतर बेरीज. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता. तो आकडा मुलांना नुसता सांगू नका, भिंतीवर खडूने ९४ सेंटिमीटरवर रेघ मारा. सहावीतल्या पोराच्या छातीपर्यंत येते.

मोजपट्टी | २९ मे, सकाळी ९:१०

डासांचं मान्य, माझ्या कृतीत ते राहून गेलं. प्लास्टरच करा.

जोडीला एक स्तंभ आणखी आखा: त्या दिवशीची मोठी भरती, वेळ आणि उंची. साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. सखल भागातलं पाणी कधी तुंबतं हे नुसत्या पावसाच्या आकड्यावरून कळत नाही. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी पर्जन्यवाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर असतं, मग वरून आलेलं पाणी जाणार कुठे? १०० मिलिमीटर ओहोटीच्या वेळी पडले तर निचरा होतो, ६० मिलिमीटर नेमके भरतीला पडले तर हिंदमातासारखा दादरचा सखल भाग तुंबतो. मुलं दोन महिन्यांत हे तक्त्यावरून स्वतः सांगायला लागतात.

खाडीकाठ | २९ मे, दुपारी २:४०

भरतीचा विषय निघालाच आहे तर किनाऱ्याचं लिहितो. मुंबईतल्या शाळेला प्रयोगशाळा नसली तरी समुद्र आहे, आणि तिकीट नाही.

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर मुलं न्यायची नाहीत. लाटा आहेतच, शिवाय जुहूसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल (निळ्या फुग्यासारखे डसणारे समुद्री जीव) वाहून येतात आणि त्यांचे धागे सुकलेले असले तरी डसतात. खरा हंगाम दिवाळीनंतर.

खडकाळ किनारा (वांद्र्याचा बँडस्टँड, कार्टर रोड) आणि वाळूचा किनारा (जुहू, गिरगाव) यांत शिकण्यासारखं जास्त खडकाळ भागात. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटी ०.७ मीटर किंवा त्याखाली असेल असा दिवस निवडा. त्याच्या वर असेल तर खडकांतली डबकी उघडीच पडत नाहीत, आणि मुलं दोन खेकडे बघून परत येतात. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं. इथला समुद्र मागून भरतो. पुढे खडकावर उभं असताना मागची वाट बुडालेली असते, हे लक्षातच येत नाही.

साधन एकच करा, चौकट. विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप, ५० सेंटिमीटरचे चार तुकडे आणि चार कोपरे. दर १० सेंटिमीटरला भोक पाडून नायलॉनचा दोरा ओवा. २५ चौकोन होतात, प्रत्येक ४ टक्के. पाइपला खालच्या बाजूने आणखी चार-पाच भोकं पाडायला विसरू नका. हवा अडकली की चौकट डबक्यावर तरंगत बसते. पाण्याच्या कडेला एक, मध्यावर एक, भरतीच्या रेषेजवळ एक अशी तीन ठिकाणी टाका. कालवं किती चौकोनांत, बार्नेकल (खडकाला चिकटलेले बारीक कवचवाले जीव) किती, शेवाळ किती, नुसता खडक किती? वर बार्नेकल आणि शंख, खाली झोआन्थिडचे (समुद्रफुलांसारख्या, एकमेकांना चिकटून वाढणाऱ्या जीवांचे) गालिचे आणि समुद्रफुलं, हा पट्ट्यापट्ट्यांचा क्रम आकड्यांत येतो. कारण वर्गात विचारा: दिवसाकाठी किती तास उन्हात सुकत राहावं लागतं?

नियम थोडे पण पक्के. बंद बूट, चपला नाहीत. उचललेला दगड त्याच जागी, तीच बाजू वर करून ठेवायचा. खालच्या बाजूचे जीव उन्हात पडले की मरतात. शंख गोळा करायचे नाहीत. रिकामा दिसला तरी आत संन्यासी खेकडा असतो, आणि शंकूच्या आकाराच्या शंखाची नांगी विषारी असते. आठ मुलांमागे एक मोठं माणूस. ४८ मुलं एकदम नेऊ नका, दोन खेपा करा. पालकांची संमतिपत्रं आणि मुख्याध्यापकांचं पत्र बरोबर.

पंचांगी | २९ मे, सायंकाळी ६:२०

दिवस निवडायला कोळीवाड्यातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्याआधी सव्वासहा तासांनी ओहोटी, पावणेनऊच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या आगेमागे, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, फार उतरत नाही.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण म्हणून शाळा तोच दिवस धरतात आणि फसतात. त्या दिवशी मुंबईत ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे अंधारात. द्वितीया-तृतीया धरा. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच सर्वांत जास्त असतो, आणि ओहोटी साडेसात-आठला येते. शाळेच्या वेळेत बसते.

मोजपट्टी | २९ मे, रात्री ८:००

तोंडी हिशेब म्हणून उत्तम, पण त्यातली चूकही मुलांना शोधू द्या. पंधराव्या तिथीला पाऊणपट सव्वाअकरा येते आणि लगेच प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका तिथीत दीड तासाची उडी कशी? तीस तिथ्यांत भरतीची वेळ २४ तास सरकते. २४ भागिले ३०, म्हणजे ०.८ तास, ४८ मिनिटं. गुणक पाऊण नाही, ०.८ आहे. मग पंधराव्याला बरोबर बारा, प्रतिपदेला १२:४८, द्वितीयेला १:३६. उडी गेली. पाऊणपट डोक्यात पटकन होते म्हणून टिकली असावी.

मुलं नेताना मात्र छापील तक्ताच बघायचा. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो.

खाडीकाठ | २९ मे, रात्री ८:४५

हे भारी आहे. घेतलं.

कांदळवनाचं राहिलं. चिखलात उतरवू नका, रस्त्याकडेच्या तिवरावर काम होतं. आरओचं पाणी पेल्यात घ्या, टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार दाखवणारं उपकरण) मोजा. फांदीवरचं पान न तोडता पेल्यात बुडवून हलवा, अशी वीस पानं, मग पुन्हा मोजा. तिवर जास्तीचं मीठ पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतो, ते पाण्यात उतरून आकडा चढतो. शेजारच्या भेंडीच्या (झाडाच्या, भाजीच्या नव्हे) किंवा बदामाच्या वीस पानांचं तसंच मोजून तुलना करा. धूळही विरघळते, म्हणून ही तुलना हवीच. पावसाळ्यात करून ‘काही फरक नाही’ असं लिहू नका, तेव्हा मीठ धुऊन गेलेलं असतं. डिसेंबर ते मार्च योग्य. जोडीला पांढरी चिप्पी कुठे दिसते ते बघा, महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष तोच, २०२० पासून.

ओलासुका | ३० मे, सकाळी ११:१५

शाळांना खतनिर्मितीचा प्रकल्प सगळे सुचवतात आणि तो दिवाळीपर्यंत बंद पडतो. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: सुका पाला साठवलेला नसतो. ओला कचरा रोज येतो, पाला फक्त हंगामात. म्हणून क्रम उलटा करा. आधी पाला, मग खत.

त्याहूनही आधी पाच दिवसांचा कचरामोज. चार बादल्या: ओला, कागद, वेष्टनं-प्लास्टिक, बाकी. भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा. रिकाम्या बादलीचं वजन आधी घेऊन वजा करायचं. पावसाळ्यात कागद पाणी पितो आणि वजन फुगतं, त्यामुळे मोज जानेवारीत एकदा पुन्हा करा. वेष्टनं वजनात नगण्य येतात, म्हणून ती मोजून लिहा. ४०० ग्रॅम ऐकून कोणी चमकत नाही, ‘६१२ पाकिटं’ ऐकून चमकतं.

आता खत. भाजीवाल्यांचे जाळीचे दोन क्रेट, आतून गोणपाट, खाली दोन विटा. तळात पाच सेंटिमीटर काड्या आणि नारळाच्या शेंड्या. त्यावर आकारमानाने एक डबा ओलं, दोन डबे चुरलेला सुका पाला. एवढ्या क्रेटला दिवसाला एक ते दीड किलो ओलं पुष्कळ झालं. विरजण म्हणून तयार खत किंवा आंबट ताक, दोन्ही चालतं. विकतच्या पावडरीवर तुमच्या ३००० मधले पैसे घालवू नका. वरून नेहमी पाल्याचा थर, ओलं उघडं दिसता कामा नये. दर तिसऱ्या दिवशी खालवर करायचं.

ओल तपासायची ती मुठीने. मूठ घट्ट आवळली की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवा, थेंबच नाही आला तर पाणी शिंपडा.

पोषण आहाराची उरलेली खिचडी हा खरा शत्रू. भात चिकटून गोळे होतात, आत हवा जात नाही, आंबूस वास सुटतो. एकूण ओल्याच्या चौथाईपेक्षा जास्त नको, आणि ती पाल्यात आधी हाताने चोळून, मोकळी करून मगच टाकायची. लोणची, तेलकट भाजी, मासळी वर्ज्य.

वास कोणता ते ओळखायला शिकवा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा म्हणजे ओलं जास्त, नत्र अमोनिया होऊन उडतंय. सडक्या अंड्यासारखा म्हणजे हवा नाही. मुंग्या म्हणजे कोरडं पडलंय. जाड करड्या अळ्या दिसल्या तर बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. किंकाळ्या ऐकायची तयारी ठेवा.

फळाखडू | ३० मे, दुपारी १:०५

क्रेट गरम होत नाही अशी तक्रार दुसऱ्या शाळेतून ऐकली आहे. पुस्तकात तर ५०-६० अंश लिहिलेलं असतं.

ओलासुका | ३० मे, दुपारी १:३०

ते साधारण घनमीटरच्या ढिगाचं. क्रेटमध्ये उष्णता कडांतून निघून जाते. कोमट झाला तरी पुरे. फक्त वेळ जास्त लागतो: दीड ते दोन महिने आणि वर पंधरा दिवस मुरवणं.

तयार झालं का हे रंगावरून ठरवू नका. ओलसर मूठभर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर कच्चं. दुसरी कसोटी मुलांना आवडते: निम्मं खत निम्मी माती अशा एका करवंटीत मेथीचे दहा दाणे, नुसत्या मातीच्या करवंटीत दहा. कच्च्या खतात दाणे कमी उगवतात किंवा मुळं तपकिरी पडतात. कच्चं खत कुंडीत घालून झाड जळलं की प्रकल्प बदनाम होतो तो याच पायरीवर.

तांबट | ३१ मे, सकाळी ६:५०

अंगणातली पाच-सहा झाडं वाया घालवू नका. दर आठवड्याला त्याच झाडाकडे पाच मिनिटं जाऊन कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं या प्रत्येकापुढे ‘नाही, थोडी, पुष्कळ’ लिहायचं. सीझनवॉच नावाचा देशभरचा उपक्रम याच पद्धतीने चालतो, त्यात शाळांना नोंदणी करता येते. ‘थोडी’ म्हणजे किती यावर भांडणं होतात. झाडाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असं वर्गातच ठरवून फळ्याशेजारी लिहून टाका.

चुकतं ते झाड निवडताना. सगळे बहावा, गुलमोहर, ताम्हण घेतात, आणि त्यांचा मुख्य बहर एप्रिल-मेमध्ये, परीक्षा आणि सुट्टीत. वही कोरी राहते. शाळा चालू असताना काही घडतं अशी झाडं घ्या. सप्तपर्णी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते. आंब्याचा मोहर हिवाळ्यात. काटेसावर आणि पांगारा पानं गाळून जानेवारी ते मार्च लाल होतात. पिंपळाची पानगळ आणि तांबूस पालवी फेब्रुवारी-मार्चमध्ये. देशी बदाम तर पानं लाल करून गाळतो, तोच पाला ओलासुका यांच्या क्रेटला.

पक्ष्यांसाठी दुर्बीण नको. कावळा, घार, साळुंकी, दयाळ, बुलबुल, तांबट, शिंपी, पोपट, पारवा, चिमणी एवढे दहा ओळखता आले की गच्चीवरून पंधरा मिनिटांची मोजणी होते. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीमोजणी असते, त्यात किमान पंधरा मिनिटांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते. एकाच वेळी एकाच जागेवरून जास्तीत जास्त जितके दिसले तोच आकडा. घिरट्या घालणारी एक घार पाच वेळा मोजली तर पाच घारी होत नाहीत.

कढीपत्ता किंवा लिंबाची कुंडी ठेवा. पावसाळ्यात लाइम बटरफ्लाय अंडी घालते. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी झाली की हिरवी. अळी डब्यात वाढवताना बाजारचा कढीपत्ता घालू नका, फवारणीने एका दिवसात मरते. डब्यात ओली पानं आणि साठलेली विष्ठा राहिली की बुरशी येते, रोज पुसायचा. काही कोषांतून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीसारखा बारीक किडा निघेल. तोही धडाच, मुलांना दाखवा.

वाचनखूण | ३१ मे, सकाळी १०:२०

मराठीत काय मिळतं ते थोडक्यात. बालभारतीची परिसर अभ्यास आणि जलसुरक्षेची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. आठवीपर्यंतच्या शिक्षकांनीही जलसुरक्षेचं चाळावं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची प्राथमिकची विज्ञान पुस्तकं मराठीतही आहेत, कृती स्वच्छ लिहिलेल्या. चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद शिक्षकांना मदत करते. शाळेचं पाणी, ऊर्जा, कचरा यांचं लेखापरीक्षण हवं असेल तर सीएसईच्या (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) ग्रीन स्कूल्स कार्यक्रमाचे तक्ते घ्या, इंग्रजी आहेत पण आकडे भरायचेच असतात.

सहलीला: धारावी-माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं, म्हणून कचऱ्याच्या पाठानंतर न्यावं, आधी नाही. गोरेगावचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) संवर्धन शिक्षण केंद्र, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ऐरोलीला रोहित (फ्लेमिंगो) बघायचे तर नोव्हेंबर ते मे, आणि तिथेही भरतीची वेळ आधी विचारा.

नळजोडणी | ३१ मे, दुपारी ४:००

पाण्यावर एकच पाठ करायचा असेल तर वर्गातल्या नळाचा उलटा प्रवास काढायला लावा: नळ, गच्चीची टाकी, तळटाकी, वॉर्डाचा सेवा जलाशय (हँगिंग गार्डनच्या पोटात मलबार हिलचा आहे तसा), भांडुप किंवा पांजरापूरचं शुद्धीकरण, मग तलाव. सात तलाव: ऊर्ध्व वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. शहराच्या हद्दीत फक्त शेवटचे दोन, आणि विहार सर्वांत जुना, १८६० चा. मुलांना पवई त्यात हवाच असतो. ते पाणी पिण्याचं नाही.

जोडीला ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाने क्लोरीन तपासा. तीन ठिकाणी: मुख्य जोडणीजवळचा नळ, टाकीनंतरचा नळ, मुलाच्या बाटलीतलं सकाळचं पाणी. पिवळा रंग फिका होत जातो. वितरणात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर अवशिष्ट क्लोरीन अपेक्षित असतं. टाकीनंतर रंगच आला नाही तर टाकी धुवायची वेळ झाली. द्रावण विषारी आहे, थेंब शिक्षकांनीच टाकायचे, तपासलेलं पाणी मोरीत आणि हात धुवायचे.

टीडीएस मीटरने ‘शुद्ध-अशुद्ध’ ठरवू नका. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. गटाराचं पाणी मिसळून रोगजंतू आले तरी आकडा फारसा हलत नाही.

गच्चीकर | ३१ मे, सायंकाळी ७:१५

हवेचं कोणी लिहिलं नाही. पांढऱ्या कार्डावर व्हॅसलीन लावून धूळ पकडायचा प्रयोग चालेल ना?

मोजपट्टी | ३१ मे, रात्री ९:३०

चालेल, पण त्याला प्रदूषणमापक म्हणू नका. व्हॅसलीनवर जाडी धूळ चिकटते. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे कण, ते दिसतही नाहीत आणि बहुतेक वाऱ्याबरोबर निघून जातात. रस्त्याकडचं आणि अंगणातलं कार्ड यांची तुलना एवढाच उपयोग. पातळ थर, २४ तास, दीड-दोन मीटर उंचीवर, मग एक चौरस सेंटिमीटरचे पाच चौकोन मोजून सरासरी. जुलैत करू नका, पाऊस हवा धुतो आणि कार्डही. नोव्हेंबर ते जानेवारी.

खऱ्या आकड्यांसाठी केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर अ‍ॅप. इथे ठरलेली चूक: हवेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० म्हणजे हवेत २०० मायक्रोग्रॅम असं मुलं (आणि बातम्याही) धरतात. पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅमला निर्देशांक १००, ९० ला २००, १२० ला ३००, २५० ला ४००. आलेख काढायला लावा, रेघ सरळ येत नाही हे दिसलं की काम झालं.

फळाखडू | १ जून, रात्री १०:४०

जून ते सप्टेंबर पाऊस आणि भरतीचा तक्ता, सोबत झाडांची वही. पाला आत्तापासून गोणीत. ऑक्टोबरात कचरामोज, दिवाळीनंतर क्रेट आणि किनारा. हवा डिसेंबरात. क्लोरीन कधीतरी मधे. ३००० मध्ये टीडीएस मीटर, ओटी द्रावण, काटा आणि पाइप बसतील असं वाटतंय. किनाऱ्यासाठी नेमका दिवस?

पंचांगी | १ जून, रात्री ११:१०

कार्तिक वद्य द्वितीया किंवा तृतीया. सुट्टीनंतर शाळा स्थिरावलेली असते. तक्त्यात ओहोटी ०.७ च्या वर निघाली तर मार्गशीर्ष वद्य द्वितीया.

ओलासुका | २ जून, सकाळी ८:०५

पाला गोणीत भरण्याआधी दोन दिवस उन्हात वाळवा. एकदा पाऊस सुरू झाला की ओला पाला गोणीतच कुजेल आणि ऑक्टोबरात हाती काळा चिखल येईल. गोणी प्लास्टिकची नको, तागाची, आणि गच्चीच्या जिन्याखाली विटांवर.

गच्चीकर | २ जून, सकाळी ८:२०

आणि गच्चीच्या किल्लीची दुसरी प्रत आत्ताच करून घ्या. साडेआठचं वाचन बुडतं ते पावसाने नाही, शिपाईमामा बँकेत गेले म्हणून.